उपशामक चिकित्सा व कर्करोगावरील चिकित्सालयीन चाचण्या

रोग बरा होवो वा न होवो, रुग्णाच्या वेदना, धाप, मळमळ, निद्रानाश व मनस्ताप कमी करणाऱ्या सेवेस ‘उपशामक चिकित्सा’ म्हणतात. चिकित्सालयीन चाचणीत नवे औषध वा उपचारपद्धती रुग्णांवर पारखून पाहतात. महाराष्ट्रात या दोहोंच्या वाटा बराच काळ वेगळ्या होत्या.

मुंबईतील टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले. सिसिली साँडर्स यांनी १९६७ मध्ये लंडन येथे सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस स्थापन केले. भारतातील त्या धर्तीची पहिली संस्था, शांती अवेदना सदन, १९८६ मध्ये वांद्रे येथे निघाली. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगातील तीव्र वेदनांवर मॉर्फीनची शिफारस केली. भारतात मात्र अंमली पदार्थविषयक १९८५ च्या अधिनियमाखालील परवान्यांच्या जाचामुळे ते दुर्मिळ झाले. अधिनियमातील संबंधित दुरुस्ती २०१४ मध्ये झाली. मधल्या काळातील रुग्णांच्या वेदनांना ती अर्थातच उशिराची होती.

नवी मुंबईत खारघर येथे २००२ पासून टाटा स्मारक केंद्राचे ‘अ‍ॅक्ट्रेक’ हे संशोधन व उपचार केंद्र आहे. भारतात विकसित झालेल्या कार-टी पेशी उपचाराची पहिली चाचणी तेथे २०२१ मध्ये सुरू झाली. पहिल्या टप्प्यातील चाचणीचा मुख्य हेतू सुरक्षितता व योग्य मात्रा ठरविणे हा असतो. रुग्ण मात्र बहुधा बरे होण्याच्या आशेने येतो. संमतिपत्रक मराठीत असले, तरी ही तफावत सहसा मिटत नाही. उपशामक सेवेची सूचना म्हणजे ‘आता उपाय संपले’ असा अर्थ घरची मंडळी लावतात, हीही एक अडचण होय.

औषधाच्या दुष्परिणामांची प्रतवारी डॉक्टर करीत. रुग्णाला स्वतःला काय सोसावे लागते, याची नोंद उशिरा होऊ लागली. त्यासाठीच्या यूरोपीय जीवनमान-प्रश्नावलीचे मराठी व हिंदी रूप टाटा रुग्णालयातील डोके व मान यांच्या कर्करोगाच्या रुग्णांवर तपासण्यात आले (२००५).

पुढे उपशामक चिकित्साच चाचणीचा विषय बनली. बॉस्टन येथील फुप्फुसाच्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांत ती आरंभापासून दिल्यास जीवनमान सुधारते, असे २०१० मध्ये आढळले. आयुर्मानही ८·९ महिन्यांवरून ११·६ महिन्यांवर गेले. टाटा रुग्णालयात डोके व मान यांच्या प्रगत कर्करोगाच्या १८० रुग्णांवर केलेल्या चाचणीत मात्र असा लाभ दिसला नाही (२०२१). या कर्करोगात गिळणे, बोलणे व श्वसन ही एकदमच बाधित होऊ शकतात. त्यामुळे फुप्फुसाच्या रुग्णांवरील निष्कर्ष येथे तसाच लागू पडेल, असे गृहीत धरता येत नव्हते.