मास्तरांचा मास्तर

चिंचपोकळी स्टेशनच्या पूर्वेला डॉ. आंबेडकर रोड, पश्चिमेला साने गुरुजी मार्ग. म्हातारी माणसं त्याला अजून आर्थर रोडच म्हणतात. मध्ये रेल्वेचे रूळ, वर पूल. दोन्ही रस्त्यांना मास्तरांची नावं. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवायचे हे सगळ्यांना ठाऊक. बाबासाहेबही मास्तर होते, हे मात्र आपली पोरं विसरतात. पुतळ्याच्या हातात पुस्तक असतं, खडू नसतो.

मुद्द्यावर येतो. आमच्या चाळीतली एक पोरगी बी.एड. झाली, दोन वर्षं एका शाळेत तासिकेवर राबली, आणि आता तिने एम.एड.ला नाव घातलंय. अभ्यासवर्गात यावरून जुंपली. एक कार्यकर्ता म्हणाला, मास्तरीण व्हायला एवढं कशाला? दुसरा म्हणाला, ही पांढरपेशी हौस आहे, चळवळीला डिग्र्या नकोत, माणसं पाहिजेत. मी भिवंडीच्या सायझिंगमध्ये बारा तास उभा राहणारा माणूस. चिंचपोकळीतले भोंगे माझ्या जन्माआधीच गप्प झाले. दहावीनंतर मी शाळेची पायरी चढलो नाही, जे वाचलं ते लोकलमध्ये आणि रातपाळीच्या सुट्टीत. डिग्रीची मला कसली हौस? पण तिची बाजू मीच घेतली, आणि ती का घेतली ते इथे लिहितो.

एम.एड. म्हणजे काय ते आधी नीट समजून घ्या. बी.एड. झालेला हायस्कुलात पोरांना शिकवतो. एम.एड. झालेला बी.एड. कॉलेजात मास्तरांना शिकवतो. वर्गात कुणाला पुढे बसवायचं, कुणाला फळ्यापाशी बोलवायचं, कुणाच्या डोक्यात काही शिरत नाही असं ठरवून मोकळं व्हायचं, हे मास्तर जिथे शिकतो त्या खोलीची ही किल्ली आहे. ती आजवर कुणाच्या कमरेला होती?

जोतिबांनी हे फार आधी ओळखलं होतं. १८४८ साली भिडेवाड्यात शाळा निघाली, पण सावित्रीबाईंनी नुसता खडू हातात घेतला नाही. नगरला मिस फरार आणि पुण्याला मिचेलबाई यांच्याकडे त्या शिकवणं शिकल्या. आपल्याकडची पहिली ट्रेन्ड मास्तरीण म्हणतात ती ही. पुढे १८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतिबांनी जे निवेदन दिलं, त्यात शाळा वाढवा एवढंच नव्हतं. मास्तर शेतकऱ्याकष्टकऱ्यांतले घ्या, त्यांना ट्रेनिंग द्या, नांगराची मूठ धरायला ज्यांना लाज वाटत नाही असे घ्या, आणि पगार बारा रुपयांच्या खाली देऊ नका, असं त्यांनी मागितलं. शाळेची इमारत सरकार बांधून देईलही. आत उभा राहणारा माणूस कोण, हा जोतिबांचा सवाल होता.

तो सवाल हवेतला नव्हता. १८५६ साली धारवाडला एका महार पोराने सरकारी शाळेत प्रवेश मागितला आणि त्याला नाकारण्यात आला. प्रकरण थेट विलायतेतल्या कंपनीच्या डायरेक्टरांपर्यंत गेलं. सरकारी शाळा सर्व जातींना खुली, असं मग कागदावर ठरलं. पण कागद वर्गात शिकवायला येत नाही. वर्गात मास्तर येतो, आणि तो सांगतो तू बाहेर बस.

आता रामजी सुभेदारांकडे या. आपण त्यांना बाबासाहेबांचे वडील म्हणून ओळखतो, कबीरपंथी म्हणून, कडक शिस्तीचे म्हणून. पण रामजी सकपाळ हे ट्रेन्ड मास्तर होते. पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कुलातून त्यांनी शिक्षकाची पदविका घेतली होती आणि चौदा वर्षं ते लष्करी शाळेचे हेडमास्तर होते. पलटणीत शिपायांच्या पोरांना शिक्षण सक्तीचं होतं, पोरींनासुद्धा. म्हणजे ज्या काळात गावच्या शाळेत आपलं पोर ओसरीवर बसत होतं, त्या काळात एक महार माणूस हेडमास्तरच्या खुर्चीवर बसत होता. ही साधी गोष्ट नाही. इंग्रजांनी ती आपल्यावरच्या प्रेमापोटी केली असंही नाही. त्यांना लिहिता-वाचता येणारे शिपाई हवे होते. आपल्या माणसांनी त्यातून वाट काढली.

आणि मग वाट बुजवली. १८९२-९३ च्या सुमारास महारांची लष्करभरती बंद झाली. कोकणात निवृत्त होऊन आलेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला. आपण ही बंदी नोकरीची बंदी म्हणून वाचतो. मी ती मास्तरांची बंदी म्हणूनही वाचतो. आपल्यातला मास्तर जिथे तयार होत होता ते ठिकाणच गेलं. रामजींकडे उरलं काय, तर परळच्या डबक चाळीतली एक खोली आणि एक विद्यार्थी. पहाटे दोनला उठवून ते त्याला अभ्यासाला बसवत. हेडमास्तरची सगळी हेडमास्तरकी त्या एका पोरावर खर्च झाली. पोरगा भीमराव निघाला म्हणून आपण ही गोष्ट अभिमानाने सांगतो. पण ट्रेनिंग घेतलेल्या माणसाला पुढे शाळाच मिळू नये, याचा हिशेब कुणी मांडायचा?

१९०६ साली मुंबईत दोन गोष्टी घडल्या. फोर्टच्या बाजूला सरकारने हायस्कूलच्या मास्तरांसाठी सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज काढलं. आणि १८ ऑक्टोबरला इथे परळला विठ्ठल रामजी शिंद्यांच्या डिप्रेस्ड क्लासेस मिशनची पहिली शाळा उघडली. एकीकडे मास्तर घडत होते, दुसरीकडे आपली पोरं पाटी धरायला शिकत होती. मधलं अंतर लोकलने अर्ध्या तासाचं.

भीमराव तेव्हा एल्फिन्स्टन हायस्कुलात होते. ती खेड्यातली पडकी शाळा नव्हे, सरकारची नावाजलेली शाळा. तिथे फळ्यावर गणित सोडवायला त्यांना पुढे बोलावलं, तर फळ्यामागचे डबे बाटतील म्हणून वर्गातली पोरं डबे उचलायला धावली. संस्कृत शिकू दिलं नाही, फारसी घ्यावी लागली. मास्तर शिकलेला असला की जात विसरतो असं ज्यांना वाटतं त्यांनी हे ध्यानात ठेवावं. मग १९१८ च्या नोव्हेंबरात बाबासाहेब स्वतः सिडनहॅम कॉलेजात प्रोफेसर झाले. तेव्हा प्रोफेसरांच्या खोलीतल्या माठातलं पाणी त्यांनी पिऊ नये, म्हणून काही प्रोफेसरांनीच कुरकुर केली. इकडे गिरणीत साचेखात्यात आपल्या माणसाला घेत नसत. धोट्यातलं सूत तोंडाने ओढावं लागे, म्हणून धोटा बाटायचा. प्रोफेसरांचा माठ आणि विणकरांचा धोटा, दोघांची अक्कल एकच.

मुंबई विद्यापीठाने एम.एड. सुरू केलं १९३६ साली. देशातलं पहिलं. त्याच वर्षी ३० आणि ३१ मे रोजी दादरच्या नायगावला मुंबई इलाखा महार परिषद भरली आणि बाबासाहेबांनी धर्मांतराचा विचार आपल्या माणसांपुढे सविस्तर मांडला. एम.एड.ला आधी बी.ए., मग बी.टी. पाहिजे. म्हणजे घरात कमाई न आणता वर्षांमागून वर्षं. दोन्ही घटना एकाच शहरातल्या, एकाच सालच्या. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकात तुम्हाला त्यातली एकच सापडेल.

त्यातही गंमत बघा. बी.एड., एम.एड.च्या अभ्यासात जॉन ड्युई हमखास असतो. १९१३ ते १९१६ बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात त्याच ड्युईसमोर बसून शिकले. ड्युईचं शिक्षण आणि लोकशाहीवरचं गाजलेलं पुस्तक १९१६ चं. मी त्या पोरीला विचारलं, ड्युईच्या तासाला बाबासाहेबांचं नाव निघालं का? ती नुसती हसली.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते तुम्हाला ठाऊक आहे. १९४२ साली बाबासाहेबांनी व्हाइसरॉयपुढे मागण्या ठेवल्या आणि १९४४ पासून अनुसूचित जातींना मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती सुरू झाली. १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ ला सिद्धार्थ कॉलेज, तेही सकाळचं, म्हणजे नोकरी करणाऱ्याला शिकता यावं. १९५६ ला बौद्ध झालो आणि सवलती अडकल्या. महाराष्ट्राने १९६० साली राज्याच्या दिल्या, केंद्राच्या मिळायला १९९० उजाडलं. तीस वर्षांचा फरक. त्यात एक पिढी बाद होते.

आणि आपण शिकून दाराशी आलो, तेव्हा दाराचीच उंची बदलली. २००० साली महाराष्ट्रात शिक्षणसेवक आला, तीन वर्षं मानधनावर. हायस्कूलच्या मास्तरला तेव्हा महिना चार हजार. मे २०१२ ला भरती थांबवली. २०१५ साली बी.एड. एकाचं दोन वर्षांचं झालं, एम.एड.ही एकाचं दोन. बारावीनंतर मोजा: तीन, दोन, दोन. सात वर्षं. ज्याच्या बापाची पेन्शन आहे त्याला सात वर्षं म्हणजे करिअर. आपल्या घरात सात वर्षं म्हणजे धाकट्याची शाळा आणि आईची धुणीभांडी.

म्हणून त्या कार्यकर्त्याला मी म्हणालो, तुझी माणसं मोर्चात ने, मीही येतो. पण मोर्च्यातून घरी गेलेलं पोर सकाळी शाळेत जातं, आणि तिथे त्याचा मास्तर कोण हे तुझ्या माझ्या घोषणेने ठरत नाही. ते बी.एड. कॉलेजातल्या व्याख्यात्यावर बरंच ठरतं. त्या जागेवर आपली पोरगी बसत असेल, तर तिची फी भरायला पावतीपुस्तक का काढू नये? यावर तो काही बोलला नाही. वर्गणी मात्र दिली.

तिने प्रबंधाला विषय घेतलाय गिरणगावातल्या रात्रशाळा. ना. म. जोशींनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग काढली, तिच्या कामगारांसाठीच्या रात्रशाळांपासून ती सुरुवात करणार आहे. छापील इतिहासात संस्थेचं आणि चालकांचं नाव मिळतं. पाळी संपवून बाकावर बसलेल्या माणसाचं मिळत नाही. लालबाग, परळ, चिंचपोकळी, काळाचौकी, कुणाचा बाप, आजा, आजी रात्रशाळेत शिकली असेल तर कळवा. दाखला, प्रगतिपुस्तक, वही, ट्रंकेत काहीही असेल तर आणा. झेरॉक्स काढून मूळ कागद त्याच दिवशी परत देऊ. रविवारी मी घरी असतो.