फुंकरीतला पुरावा : मुलांची पोटदुखी आणि श्वासचाचणीचा इतिहास

१/ मुलाचे पोट वारंवार दुखते, पण तपासणीत काहीच सापडत नाही. अशा वेळी विश्वास कोणावर ठेवायचा : तपासणीवर की मुलावर? बालवैद्यकातील या जुन्या पेचाचा एक धागा श्वासातील हायड्रोजनपर्यंत जातो.

२/ १९५८ साली जॉन ॲप्ली आणि नोरा नेश यांनी ब्रिस्टल परिसरातील १,००० शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. साधारण दहातील एका मुलाला वारंवार पोटदुखीचा त्रास होता. अशा मुलांपैकी फारच थोड्यांत शारीरिक विकार सापडतो, असे ॲप्ली यांचे निरीक्षण होते.

३/ मग संशय दुधातील साखरेवर, म्हणजे लॅक्टोजवर आला. मात्र ती पचत नाही हे सिद्ध करण्यासाठी मुलाचे रक्त पुन्हा पुन्हा काढावे लागे, किंवा नळी गिळवून आतड्याचा कण घ्यावा लागे.

४/ १९६९ साली अमेरिकेत मायकेल लेव्हिट यांनी मानवी शरीरातील हायड्रोजनचा माग काढला. मानवी पेशी हा वायू तयार करत नाहीत. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात पोहोचली की तेथील जिवाणू ती आंबवून तो निर्माण करतात. त्याचा काही अंश रक्तावाटे फुप्फुसांत येतो. त्याच वर्षी डोरिस कॅलोवे आणि सहकाऱ्यांनी लॅक्टोजच्या निदानासाठी श्वास तपासला.

५/ मुलांसाठी ही मोठी सुटका होती. रात्रभर उपवास, सकाळी साखरेचे द्रावण आणि ठरावीक अंतराने पिशवीत फुंकर, सुई नाही. हायड्रोजन मूळ पातळीहून दशलक्षात २० भागांनी वाढला, की चाचणी सकारात्मक मानण्याचा प्रघात पडला.

६/ १९७९ साली बार, लेव्हिन आणि वॉटकिन्स यांनी या चाचणीच्या आधारे अनेक मुलांच्या पोटदुखीचा संबंध लॅक्टोजशी जोडला. पण १९८१ साली लेबेन्थाल आणि सहकाऱ्यांना वेगळेच दिसले. दूध बंद केल्यावर लॅक्टोज न पचणारी आणि पचणारी, दोन्ही गटांतील मुले जवळपास सारख्याच प्रमाणात सुधारली.

७/ कारण अपचन आणि वेदना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लॅक्टोज न पचणाऱ्या अनेकांना काहीच त्रास होत नाही. उलट संवेदनशील आतड्याला थोडा वायूही असह्य होतो. शिवाय काहींच्या आतड्यातील सूक्ष्मजीव हायड्रोजनपासून मिथेन बनवतात. म्हणून आता अनेक ठिकाणी मिथेनही मोजतात, आणि चाचणीदरम्यानच्या तक्रारी नोंदवणे महत्त्वाचे मानले जाते.

८/ १९९९ साली रोम निकषांत प्रथमच मुलांच्या कार्यात्मक पचनविकारांना स्वतंत्र स्थान मिळाले. वेदनेच्या नोंदी निदानाचा अधिकृत आधार ठरल्या. साखर पचली की नाही, एवढेच यंत्र सांगते. चाचणी नकारात्मक आली म्हणून मुलाचे दुखणे खोटे ठरत नाही, आणि सकारात्मक आली म्हणून त्याचे दूध कायमचे तोडण्याचेही कारण नाही.