काउंटरवरचा शिकार परवाना

आज बंदुकीबद्दल थोडं आणि दुकानदाराबद्दल जास्त बोलायचं आहे.

अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया राज्यात नोव्हेंबरच्या शेवटी, थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या सोमवारी, कितीतरी शाळांना सुट्टी असते. कारण सांगितलं तर हसाल. हरणांच्या शिकारीचा मोसम अनेक वर्षं त्या सोमवारी सुरू व्हायचा. मुलं येणार नाहीत, मास्तरही येणार नाहीत, मग शाळा उघडून करायचं काय? त्याच्या आदल्या आठवड्यात गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात गर्दी उसळायची. तिथे खिळे मिळतात, रंगाचे डबे मिळतात, काडतुसं मिळतात, आणि त्याच काउंटरवर सरकारी शिकार परवानाही मिळतो. खिळे मोजून देणारा माणूसच परवाना लिहून देतो.

आपल्याला हे पचायला जड जातं. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातसुद्धा सुरुवातीला शिकार परवान्याची तरतूद होती. ती १९९१च्या दुरुस्तीने गेली. पण होती तेव्हाही परवाना वनखात्याच्या साहेबाकडूनच मिळायचा. किराणा दुकानात पावकिलो साखरेबरोबर नाही. मग अमेरिकेने हा सरकारी कागद दुकानदाराच्या हाती का दिला? आणि दिल्यानंतर त्याच्यावर घातलेल्या अटी पुढे एकेक करून सैल का केल्या? हा दुकानदारीचा विषय वाटतो. पण त्या देशातलं जंगल कोणाच्या पैशाने उभं आहे, हा प्रश्न त्याच्या पोटात आहे.

थोडं मागे जाऊया. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला अमेरिकेत वन्यजीवांची दाणादाण उडाली होती. रेल्वे आली आणि मारलेलं जनावर शहराच्या बाजारात पोचवणं सोपं झालं. बाजारासाठी शिकार करणारे धंदेवाईक लोक पिंपं भरभरून पक्षी पाठवत. आकाश झाकून टाकणारे पॅसेंजर कबुतरांचे थवे याच काळात संपले. त्या जातीची शेवटची मादी, मार्था, १ सप्टेंबर १९१४ला सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. पेन्सिल्व्हेनियात एल्क तर आधीच नामशेष झाले होते आणि हरीण दिसलं तर गावात चर्चा व्हावी अशी स्थिती होती.

१८९५ साली या राज्याने गेम कमिशन नेमलं. नेमलं खरं, पण हातात पैसा नाही. रक्षक नेमायचे तर पगार कुठून द्यायचा? बाहेरच्या राज्यातल्या शिकाऱ्यांना १९०१ पासून परवाना लागू झाला, पण त्यातून फार काही येत नव्हतं. राज्यातल्याच लोकांकडून पैसे घ्यायचे म्हटल्यावर गहजब झाला. माझ्या बापजाद्यांच्या डोंगरात मी ससा मारायचा, त्याचा सरकारला दस्तुर कशाला? अखेर १९१३ साली कायदा झाला. एक डॉलर फी. स्वतःच्या जमिनीवर शिकार करणाऱ्या शेतकऱ्याला सूट, कारण त्याला अंगावर घेण्याची हिंमत कोणत्याही आमदारात नव्हती. पहिल्याच वर्षी तीन लाखांहून अधिक परवाने विकले गेले.

या कथेत एक काळी बाजू आहे, ती लपवून चालणार नाही. त्याआधी चारच वर्षं, १९०९ साली, याच राज्याने कायदा केला होता की परदेशात जन्मलेल्या आणि नागरिकत्व न घेतलेल्या माणसाने शिकार करायची नाही, एवढंच नव्हे तर त्यासाठीची बंदूकही बाळगायची नाही. रोख खाणींत राबणाऱ्या इटालियन मजुरांवर होता. ते गाणारे पक्षी मारून खातात, अशी त्यांच्याविरुद्ध ओरड होती. पॅटसोन नावाच्या इटालियन माणसाचा खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९१४ साली कोर्टाने कायदा कायम ठेवला. निकाल लिहिला न्यायमूर्ती होम्स यांनी. म्हणजे वन्यजीव वाचवायचे हे ठरलं, तेव्हाच शिकारी कोणाला म्हणायचं हेही ठरवून टाकलं. परवाना हा नुसता पैसे गोळा करायचा कागद कधीच नव्हता.

पण पैसा आला आणि त्याने काम केलं. मिशिगनहून हरणं आणून सोडायला १९०६ मध्येच सुरुवात झाली होती. १९१३ साली यलोस्टोनहून एल्क रेल्वेने आणले. १९२० पासून राज्याने शिकाऱ्यांच्या पैशातून जमिनी विकत घ्यायला सुरुवात केली. आज अशी सुमारे १५ लाख एकर जमीन त्या राज्यात आहे आणि शिकार न करणारे लोकही तिथे फिरायला जातात.

मग १९३७ साल. ही तारीख लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं हिच्यावर उभं आहे. रूझवेल्ट यांच्या सहीने पिटमन-रॉबर्टसन कायदा झाला. बंदुका आणि काडतुसांवरचा अबकारी कर वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांना वाटायचा, असं ठरलं. वाटणी कशी? निम्मा हिस्सा राज्याच्या क्षेत्रफळावर, निम्मा हिस्सा त्या राज्यात पैसे भरून परवाना घेतलेल्या शिकाऱ्यांच्या संख्येवर. सोबत एक कडक अट: परवान्याच्या फीचा पैसा राज्याने दुसऱ्या कशासाठीही वापरायचा नाही. रस्त्यासाठी नाही, शाळेसाठी नाही. वापरलात तर केंद्राचा पैसा बंद.

आता हिशोब बघा. हार्डवेअरच्या दुकानात एक परवाना विकला गेला नाही, तर राज्याची फी बुडतेच, पण केंद्राकडून येणाऱ्या वाटणीतलं एक डोकंही कमी होतं. त्या काउंटरवर बसलेला माणूस नकळत राज्याच्या वनखात्याचा वसुली कारकून झाला होता.

आणि म्हणूनच त्याच्यावर अटी होत्या. सुरुवातीला हे काम काऊंटीच्या खजिनदाराकडे होतं. काऊंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा म्हणा. पण शिकारी काही कचेरीच्या वेळेत रिकामा नसतो. तो पहाटे चारला निघतो, तेव्हा उघडी असतात ती आमिष आणि गळ विकणारी दुकानं, पेट्रोल पंप, गावातलं एखादं जनरल स्टोअर. म्हणून राज्यांनी दुकानदारांना एजंट नेमलं. बदल्यात प्रत्येक परवान्यामागे थोडी दलाली.

आपल्याकडच्या कोर्टाबाहेरचा स्टॅम्प व्हेंडर आठवा. त्याच्याकडचा कोरा मुद्रांक म्हणजे नोटच. कोऱ्या मुद्रांकावरची पकड सुटली की काय होतं, ते आपण तेलगी प्रकरणात पाहिलं आहे. अमेरिकेतल्या राज्यांनाही हीच धास्ती होती. कोऱ्या परवान्यांचं पुस्तक, त्यावर अनुक्रमांक, खाली कार्बन. एक पान हरवलं तरी त्याची किंमत दुकानदाराने भरायची. म्हणून बऱ्याच राज्यांत एजंट होण्यासाठी जामीन लागे. विमा कंपनीकडून हमीपत्र घ्यायचं, त्याचा हप्ता दरवर्षी भरायचा. वसूल झालेला पैसा हा दुकानदाराचा नाही, सरकारची ठेव आहे, म्हणून त्याचा वेगळा हिशोब. ठरल्या तारखेला भरणा. उशीर झाला तर दंड किंवा एजन्सी रद्द.

अटी चुकीच्या होत्या असं मी म्हणणार नाही. दुकान बुडालं आणि गल्ल्यात सरकारचे पैसे होते, तर ते कोणी भरायचे? पण त्यांचा भार सारखा पडत नव्हता, हेही खरं. मोठ्या साखळी दुकानाला जामिनाचा हप्ता म्हणजे किरकोळ खर्च. नदीकाठी गांडुळं विकणाऱ्या म्हाताऱ्याला वर्षभरात शंभर-दोनशे परवान्यांवर मिळणारी दलाली हप्त्यातच जाऊ शकते. तो म्हणणार, नको ती भानगड. आणि मग त्या नदीकाठच्या शिकाऱ्याला परवान्यासाठी चाळीस मैल जावं लागणार.

केंद्र सरकारने स्वतःपुरता वेगळा मार्ग काढला होता. पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी १९३४ पासून 'डक स्टॅम्प' लागतो. पहिल्याचं चित्र काढलं व्यंगचित्रकार डार्लिंग यांनी, किंमत एक डॉलर, आणि विक्री पोस्टात. पहिल्या वर्षी ६,३५,००१ तिकिटं खपली. पोस्टमास्तरकडून वेगळा जामीन कशाला घ्यायचा? तो सरकारचाच माणूस. राज्यांकडे मात्र गावोगाव पोस्ट नव्हतं, दुकानदारच होता.

मग १९९०च्या दशकात संगणक आला आणि कोऱ्या पुस्तकांचा जमाना संपत गेला. दुकानात मशीन बसलं. परवाना तिथल्या तिथे छापून निघतो, म्हणजे कोरा कागद चोरून उपयोग नाही. विक्रीचा आकडा त्याच क्षणी राजधानीत. पैसे दुकानदाराने पाठवायचे नाहीत, राज्यच त्याच्या बँक खात्यातून ठरल्या दिवशी उचलून घेतं. ज्या भीतीपोटी जामीन मागितला जायचा, तिचं मूळच बरंचसं गेलं. अटी सैल करा ही मागणी दुकानदारांची जुनीच होती. आता अधिकाऱ्यांनाही ती पटू लागली. माझ्या मते ती रास्तच होती.

गंमत अशी की एका हाताने ओझं उतरवताना दुसऱ्या हाताने नवीन चढवलं जात होतं. १९९६च्या कल्याण सुधारणा कायद्याने आणि लगेचच्या दुरुस्तीने ठरवलं की करमणुकीच्या परवान्याच्या अर्जावरही अर्जदाराचा सोशल सिक्युरिटी क्रमांक नोंदवायचा. का? तर घटस्फोटानंतर मुलांची पोटगी चुकवणारे बाप सापडावेत म्हणून! म्हणजे गळ विकणारा माणूस गिऱ्हाइकाला त्याचा खासगी क्रमांक विचारणार. शिकारीचं प्रशिक्षण झालं आहे का, हेही तोच बघणार; हे प्रशिक्षण सक्तीचं करण्यात न्यूयॉर्क १९४९ साली पुढे होतं, बाकीची राज्यं मागून आली. आणि १९९८ पासून देशभर आणखी एक प्रश्नावली आली: गेल्या वर्षी तुम्ही किती बदकं मारलीत, किती पारवे? पक्ष्यांचा अंदाज बांधणाऱ्या शास्त्रज्ञांना ही माहिती हवी असते. आता मागे वीस माणसांची रांग असताना काउंटरवरचा पोरगा काय करणार? न विचारताच शून्य भरून मोकळा होणार. अनेक राज्यांत नेमकं हेच घडत असल्याचं लक्षात आलं. पक्ष्यांच्या गणनेतला एक दुवा असा दुकानातल्या घाईत निखळला, कारण प्रश्न विचारण्याचे वेगळे पैसे त्याला कोणी देत नव्हतं.

अटी सैल करण्याची घाई राज्यांना का झाली, त्याचं कारण आकड्यांत आहे. केंद्राच्या पाहणीनुसार २०११ साली देशात १ कोटी ३७ लाख शिकारी होते, २०१६ साली १ कोटी १५ लाख. पाच वर्षांत २२ लाख कमी. म्हातारे शिकारी जात होते आणि नातवंडं शहरात वाढत होती. प्रत्येक गळालेल्या माणसामागे फी गेली आणि वाटणीही घटली. त्या पैशावर घुबडांचा, वटवाघळांचा अभ्यासही चालतो. शिकारीचा तिटकारा असलेल्या निसर्गप्रेमीलाही तो परवाना विकला जायला हवा असतो, हा या व्यवस्थेतला तिढा. म्हणून परवाना मिळणं जितकं सोपं तितकं बरं, असं धोरण झालं. ऑनलाइन विक्री आली. डक स्टॅम्पही इलेक्ट्रॉनिक झाला. आधी तो तात्पुरता चालायचा आणि मूळ तिकीट टपालाने यायची वाट बघावी लागायची, २०२३च्या कायद्याने तो मोसमभर चालू लागला.

पेन्सिल्व्हेनियाने मात्र एक जुना हट्ट फार उशिरापर्यंत धरला. साधा परवाना दुकानात मिळे, पण बिनशिंगी हरणाचा, म्हणजे मुख्यतः मादीचा परवाना फक्त काऊंटीच्या खजिनदाराकडून. तोही टपालाने. ठराविक गुलाबी पाकिटात अर्ज घालायचा, चेक जोडायचा, ठरल्या दिवशी पोस्टात टाकायचा आणि नशिबावर हवाला ठेवायचा, कारण प्रत्येक विभागाचा कोटा ठरलेला. पाकिटात काही चूक झाली तर ते परत. खजिनदारांना प्रत्येक परवान्यामागे शुल्क मिळे, त्यामुळे हा अधिकार सोडायला ते खुशीने तयार होते असं नव्हे. घरोघरी त्या गुलाबी पाकिटांबद्दल तक्रारी होत्या आणि थोडं प्रेमही होतं.

२०२२च्या कायद्याने ती पाकिटं गेली. कोणताही एजंट दुकानदार हा परवाना विकू शकेल, ऑनलाइनही मिळेल, असं ठरलं. २६ जून २०२३, सोमवार, विक्रीचा पहिला दिवस. सकाळपासून लोक दुकानांबाहेर उभे. आपल्या विभागाचा कोटा संपेल या भीतीने सगळे एकाच वेळी तुटून पडले आणि राज्याची संगणक यंत्रणा मंदावली. दुकानांत तासन्‌तास रांगा, घरी स्क्रीनवर तितकीच लांब रांग. आपल्याकडे तत्काळ तिकिटासाठी सकाळी दहाला बसणाऱ्यांना हे चित्र समजावून सांगायला नको.

त्या दिवशी काउंटरमागे उभ्या असलेल्या दुकानदाराला एका परवान्यामागे मिळत होता एक डॉलर. १९१३ साली अख्ख्या परवान्याची किंमत होती, तेवढाच.