अर्धा रकार आणि संगणकीय मुद्रण

मराठी मुद्रणातील संगणकीय स्थित्यंतराचा विचार बहुधा वेग आणि खर्च या दोन अंगांनीच केला जातो. लिपीच्या अंगाने पाहता प्रश्न निराळा दिसतो. निर्णयसागर छापखान्याच्या (स्थापना १८६९) काळात जोडाक्षर म्हणजे शिशाचा खिळा. जुळाऱ्याच्या हाताशी तो असला की अक्षर उमटे, पुढे त्याची विचारपूस कोणी करीत नसे. संगणकावरील आरंभीच्या टंकांनी हीच वृत्ती चालविली. निरनिराळ्या टंकनिर्मात्यांनी आकारांना आपापले क्रमांक दिले. वृत्तपत्र नीट छापले गेले, परंतु टंक पालटताच साठविलेला मजकूर निरर्थक चिन्हांचा ढीग ठरला.

१९८८ च्या ‘इस्की’ आराखड्यावर आधारलेल्या युनिकोडने १९९१ मध्ये आकाराऐवजी वर्णालाच क्रमांक दिला. तथापि ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ (पहिले गुरुजन, दुसरे स्वयंपाकी) हा भेद राखणारा मराठीचा अर्धा रकार तेथे दोन रीतींनी लिहिता येतो : नुक्तायुक्त रकाराला हलन्त जोडून, किंवा साध्या हलन्त रकारापुढे अदृश्य संयोजकचिन्ह ठेवून. डोळ्यांना दोन्ही एकच. शोधयंत्राला, तसा विशेष बंदोबस्त केलेला नसल्यास, भिन्न. म्हणून वृत्तपत्राच्या अंकीय दप्तरात ‘शेतकऱ्यांचा’ हा शब्द शोधणाऱ्या अभ्यासकापुढे काही अंक येतात आणि काही, रीतसर प्रसिद्ध झालेले असूनही, येत नाहीत.