सदाफुली ते लाळग्रंथी

सदाफुली मूळची मादागास्करची. आपल्या अंगणात ती इतकी रुजलीय की परकी वाटतच नाही. मधुमेहावर तिची पानं चावायची, हे आपल्याकडे आजही सांगतात. जमैकात त्यासाठीच तिचा चहा घेत. 1952 साली तिथल्या एका डॉक्टरांनी पाठवलेली पानं कॅनडात रॉबर्ट नोबल यांच्या प्रयोगशाळेत पोचली.

उंदरांना अर्क तोंडावाटे दिला. साखर हलली नाही. टोचून दिला, तर उंदीर जंतुसंसर्गाने मेले. दुसरा कुणी असता तर पुडकं कचऱ्यात गेलं असतं! नोबल यांनी रक्त तपासलं. पांढऱ्या पेशी घसरल्या होत्या, अस्थिमज्जा मंदावली होती. मग ज्या रोगात पेशी बेसुमार वाढतात, तिथे हे का चालू नये? चार्ल्स बिअर यांनी अर्कातून शुद्ध द्रव्य वेगळं केलं, आणि 1958 मध्ये व्हिनब्लास्टिन जगासमोर आलं. पेशीचे दोन भाग होताना आत सूक्ष्म नळ्यांचा सांगाडा उभा राहतो. हे द्रव्य तो उभाच राहू देत नाही.

व्याख्यानानंतर हमखास विचारतात, मग पानंच खाल्ली तर? अहो, सुईतलं औषध मिलिग्रॅममध्ये मोजतात, तेही रक्त तपासून. पानातली मात्रा कोण मोजणार?

लाळग्रंथीपर्यंत यायला मात्र बराच काळ गेला. फ्रान्समध्ये पिएर पोतिए यांच्या गटाने सदाफुलीच्याच द्रव्यांपासून व्हिनोरेल्बिन घडवलं. लाळग्रंथीचा कर्करोग उलटलेल्या 36 रुग्णांवर इटलीत त्याची चाचणी झाली. ती 2001 मध्ये छापून आली. नुसतं व्हिनोरेल्बिन मिळालेल्या 20 पैकी 4 जणांची गाठ बरीच आकसली. सिस्प्लॅटिनची जोड मिळालेल्या 16 पैकी 7 जणांची. आकडे लहान आहेत, पण या दुर्मिळ रोगात एवढे रुग्ण जमवणंही सोपं नसतं.

यू झाडाच्या सालीतलं पॅक्लिटॅक्सेल अमेरिकेत असंच तपासलं गेलं. लाळग्रंथीच्या इतर प्रकारांच्या 31 रुग्णांपैकी 8 जणांना उतार पडला. अ‍ॅडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमाच्या 14 पैकी एकालाही नाही. हा प्रकार सावकाश वाढतो, मज्जातंतूंच्या कडेने सरकत जातो, आणि शस्त्रक्रियेनंतर कित्येक वर्षांनी फुप्फुसात उगवतो. त्यामुळे लाळग्रंथीच्या कर्करोगावर वनस्पतीचं औषध आहे का, असं कुणी विचारलं की डॉक्टर आधी बायोप्सीचा कागद मागतात.