एक रुपयाची ‘फ्री ट्रायल’ अन् दर महिन्याला कटणारे पैसे. ॲप डिलीट करून भागत नाही, ऑटोपे असं बंद करा

पणदरे (ता. बारामती) : दुधाचा पगार नाहीतर उसाचं बिल खात्यावर जमा होतं आणि चार दिवसांत १९९ रुपये कटल्याचा मेसेज येतो. ओटीपी कुणाला सांगितलेला नसतो, पैसेही कुणाला पाठवलेले नसतात. खातं हॅक झालं की काय, अशी शंका येते. अशा वेळी सगळ्यात आधी फोनमधलं ‘ऑटोपे’ तपासा. कधीतरी घेतलेली सात दिवसांची फ्री ट्रायल तिथं चालू असू शकते.

पैसे कसे कटतात?

सिरीयल, सिनेमे, इंग्रजी बोलायला शिकवणारे क्लास, फोटो एडिटिंग, राशिभविष्य अशी अनेक ॲप ‘फक्त १ रुपयात ट्रायल’ देतात. एक रुपयाच तर आहे म्हणून आपण यूपीआय पिन टाकतो. तो पिन एका रुपयापुरताच असतो असं नाही. ‘इथून पुढं दर महिन्याला माझ्या खात्यातून पैसे घ्या’ ही परवानगीही त्याच पिनने दिली जाते. यालाच ऑटोपे किंवा मॅन्डेट म्हणतात.

यूपीआय ऑटोपे ही सोय जुलै २०२० मध्ये सुरू झाली. लाईट बिल, विमा, कर्जाचा हप्ता वेळेवर जावा यासाठी ती चांगलीच आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार पहिल्यांदा परवानगी दिली की नंतर १५ हजार रुपयांपर्यंतचा हप्ता पिन किंवा ओटीपी न मागता कटू शकतो. म्हणूनच पैसे गेलेले पटकन लक्षात येत नाहीत.

महिना १९९ रुपये म्हणजे वर्षाला २,३८८ रुपये. पीएम किसानचा एक हप्ता २,००० रुपयांचा असतो. म्हणजे त्याहून जास्त पैसे न बघितलेल्या ॲपला जातात.

पिन टाकण्याआधी चार गोष्टी वाचा

१. रक्कम : वर १ रुपया दिसला तरी खाली ‘अप टू’ लिहून मोठा आकडा असतो. एका वेळी तेवढ्यापर्यंत पैसे कटू शकतात.
२. किती वेळा : ‘मंथली’ म्हणजे दर महिन्याला, ‘इयरली’ म्हणजे वर्षातून एकदा.
३. पहिला हप्ता कोणत्या तारखेला.
४. परवानगी कधी संपणार. शेवटची तारीख कधी कधी कित्येक वर्षांनंतरची असते.

पडद्यावर ‘ऑटोपे’ किंवा ‘मॅन्डेट’ हा शब्द दिसला, की तो साधा एक रुपयाचा व्यवहार नाही हे समजा.

ॲप काढून टाकलं तर?

इथंच बहुतेकांची फसगत होते. ॲप डिलीट केलं की फक्त फोनमधली जागा मोकळी होते. परवानगी बँकेकडे तशीच राहते आणि पैसे कटत राहतात.

बंद कसं करायचं?

यूपीआयवरून दिलं असेल तर : फोनपे, गुगल पे, पेटीएम, भीम यातलं जे ॲप वापरता ते उघडा. प्रोफाईलमध्ये किंवा सेटिंगमध्ये ‘ऑटोपे’ शोधा. चालू परवानग्यांची यादी दिसेल. नको असलेली निवडून ‘कॅन्सल’ करा. ‘पॉज’ केलं तर ती काही काळापुरतीच थांबते. दोन-तीन यूपीआय ॲप असतील तर सगळ्यांत बघा.

प्ले स्टोअरवरून घेतलं असेल तर : प्ले स्टोअर उघडा, प्रोफाईलच्या फोटोवर दाबा, ‘पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स’मध्ये जाऊन सबस्क्रिप्शन रद्द करा.

कॉलर ट्यून, जोक, क्रिकेट स्कोअर यासाठी मोबाईलचा बॅलन्स कटत असेल तर : १५५२२३ या मोफत क्रमांकावर फोन करून सेवा बंद करता येते.

काहीच जमत नसेल तर पासबुक आणि मेसेज घेऊन बँकेच्या शाखेत जा. ट्रायल संपायच्या शेवटच्या दिवसाची वाट बघू नका, दोन दिवस आधीच रद्द करा. रद्द झाल्याचा स्क्रीनशॉट ठेवा.

आधी मेसेज येतो, पण कुणाच्या नंबरवर?

हप्ता कटण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला कळवणं रिझर्व्ह बँकेनं बंधनकारक केलं आहे. त्या मेसेजमध्ये कंपनीचं नाव, रक्कम आणि तारीख असते. अडचण अशी, की मेसेज बहुतेक इंग्रजीत असतो आणि खात्याला बऱ्याचदा पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाचा नंबर जोडलेला असतो. आई-वडिलांच्या खात्याला आपला नंबर असेल तर असे मेसेज वाचून त्यांना सांगा. फोन मुलं खेळायला घेत असतील तर यूपीआय पिन त्यांना सांगू नका.

पैसे परत मिळतात का?

पिन आपणच टाकलेला असल्यामुळे बँक लगेच पैसे परत करेलच असं नाही. आधी कंपनीकडे लेखी मागणी करा आणि तक्रार क्रमांक घ्या. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर फोन करा, मराठीत बोलता येतं.

कायदाही ग्राहकाच्या बाजूनं आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अधिसूचित केलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये फसव्या पद्धतींचे १३ प्रकार दिले आहेत. ‘सबस्क्रिप्शनचा सापळा’ हा त्यातलाच एक. सेवा बंद करण्याचा मार्ग लपवणं, तो अवघड करणं, फुकट सेवेसाठी ऑटोपेची सक्ती करणं हे सगळं त्यात येतं. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी लागत नाही.

परवानगी दिलेलीच नसताना पैसे गेले असतील तर ती फसवणूक आहे. लगेच बँकेला कळवा आणि १९३० या सायबर हेल्पलाईनवर तक्रार करा.

कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधून फोन करू नका, तिथं खोटे नंबरही असतात. नंबर ॲपमधूनच घ्या. ‘रिफंडसाठी पिन टाका’ असं कुणी म्हणालं तर फोन ठेवून द्या. पैसे खात्यात यायला पिन कधीच लागत नाही.