पुडा हलका झाला. शाळेतलं ताट कसं मोजायचं?

पाच रुपयांचा बिस्किटचा पुडा आजही पाच रुपयांनाच मिळतो, पण हातात घेतला की हलका लागतो. चिवडा, फरसाण, साबण, तेल, सगळीकडं हीच तऱ्हा. किंमत तीच, माल कमी. गावोगावच्या पालकांची शाळेच्या खिचडीबद्दलही अशीच कुरकुर असते : डाळ दिसत नाही, नुसता पिवळा भात. पण या दोन्हीचा हिशेब वेगळा आहे. दुकानात किंमत धरून ठेवतात आणि वजन कमी करतात. शाळेत वजन सरकारनंच ठरवून दिलंय, पैसे मात्र मोजके येतात. त्यामुळं डाळ-तेल महागलं की ताण थेट पोरांच्या ताटावर येतो.

दुकानात काय बघायचं?

पूर्वी बिस्किट, चहा, तेल, पीठ अशा काही वस्तू सरकारनं ठरवलेल्या वजनातच विकाव्या लागत. 2022 मध्ये ही अट काढली. आता कंपनी 100 ग्रॅमचा पुडा 80 ग्रॅमचा करू शकते. फक्त खरं वजन पाकिटावर छापलेलं पाहिजे.

समजा 100 ग्रॅमचा पुडा 10 रुपयांना होता, म्हणजे किलोला 100 रुपये. तोच पुडा 80 ग्रॅमचा झाला तर किलोला 125 रुपये पडतात. किंमत न वाढवता पाव हिश्शानं भाववाढ झाली. म्हणून पाकिटावर एमआरपीजवळ छापलेला ग्रॅमचा, किलोचा किंवा लिटरचा दर बघावा.

तेलाच्या पिशवीत जास्त फसगत होते. एक लिटर खाद्यतेलाचं वजन साधारण 910 ग्रॅम भरतं. तशाच दिसणाऱ्या पिशवीत 850 किंवा 800 ग्रॅमही असू शकतं. छापलेल्यापेक्षा माल कमी निघाला किंवा एमआरपीपेक्षा जास्त पैसे घेतले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 नंबरवर तक्रार करता येते. पाकीट आणि बिल जपून ठेवावं.

शाळेत एका पोराच्या वाट्याला किती?

शालेय पोषण आहार योजनेचं नाव 2021 पासून प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण असं आहे. सुरुवात 1995 सालची. तेव्हा आपल्याकडं 80 टक्के हजेरी असलेल्या मुलाला महिन्याला 3 किलो तांदूळ घरी मिळायचा. शिजवलेलंच जेवण द्या, असा आदेश सुप्रीम कोर्टानं 2001 मध्ये दिला. आज पहिली ते आठवीच्या मुलांना ते मिळतं.

पहिली ते पाचवी, एका मुलाला रोज : धान्य 100 ग्रॅम, डाळ-कडधान्य 20 ग्रॅम, भाजी 50 ग्रॅम, तेल 5 ग्रॅम. यातून 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत.

सहावी ते आठवी : धान्य 150 ग्रॅम, डाळ 30 ग्रॅम, भाजी 75 ग्रॅम, तेल साडेसात ग्रॅम. यातून 700 कॅलरी आणि 20 ग्रॅम प्रथिनं.

ही सगळी कच्च्या मालाची वजनं आहेत. म्हणजे पहिली ते पाचवीची 50 पोरं हजर असतील तर त्या दिवशी 5 किलो तांदूळ, 1 किलो डाळ, अडीच किलो भाजी आणि पाव किलो तेल लागलं पाहिजे. हा आकडा ध्यानात ठेवला की पातेल्यात काय पडलं ते लगेच कळतं.

पैसे किती येतात?

तांदूळ केंद्राकडून वेगळा येतो. डाळ, तेल, मसाला, भाजी आणि इंधन यांसाठी 1 मे 2025 पासून पहिली ते पाचवीच्या मुलामागं रोज 6 रुपये 78 पैसे, तर सहावी ते आठवीला 10 रुपये 17 पैसे धरलेत. आधी हे दर 6.19 आणि 9.29 होते. लहान मुलामागं वाढ झाली 59 पैशांची. यात 60 टक्के केंद्राचे, 40 टक्के राज्याचे.

चूल सांभाळणाऱ्या बाईला महिन्याला अडीच हजार रुपये मानधन आहे. खिचडी पातळ झाली की पहिला राग तिच्यावर निघतो, पण तिला जेवढा माल काढून दिला तेवढाच ती शिजवणार.

अंड्याचा वाद

नोव्हेंबर 2023 मध्ये राज्य सरकारनं आठवड्यातून एकदा अंडं देण्याचा निर्णय घेतला. जी मुलं अंडं खात नाहीत त्यांना केळी किंवा दुसरं फळ. शाळेत अंडं शिजवायला काही पालकांचा आणि संघटनांचा विरोध होता. जानेवारी 2025 मध्ये सरकारनं अंड्याचा वेगळा निधी बंद केला. द्यायचं असेल तर लोकसहभागातून द्या, असं सांगितलं.

एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे लहान मुलाच्या त्या जेवणातल्या गरजेच्या निम्मी. तामिळनाडूत शाळेच्या जेवणात आठवड्यातले पाच दिवस अंडं असतं. आपल्याकडं मात्र ज्या गावात देणगीदार आहे तिथं अंडं, आणि ज्या वाडीवर सगळेच मजुरीला जातात तिथं नाही, अशी गत होते. गरज तर तिथंच जास्त. घरी दोन वेळा पोटभर खाणाऱ्या पोराला फरक पडणार नाही, पण ज्याची आई भल्या सकाळी ऊसतोडीला किंवा कापसाला जाते, त्याचं दिवसातलं पहिलं गरम जेवण हेच असतं.

पालकांचे हक्क

2015 च्या नियमांप्रमाणं मुलांना वाढण्याआधी दोन-तीन मोठ्या माणसांनी जेवण चाखायचं असतं, त्यात एक शिक्षक पाहिजेच. ही काळजी किती गरजेची आहे ते बिहारमध्ये दिसलं. 2013 मध्ये सारण जिल्ह्यातल्या एका शाळेत कीटकनाशक मिसळलेलं जेवण खाऊन 23 मुलं दगावली.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. आहारावर लक्ष ठेवणं हे समितीचं काम आहे. चव नोंदवही, साठा नोंदवही आणि रोजची हजेरी समितीनं बघावी. माल उतरवून घेताना गोणी मोजून घ्यावी, तेल आणि तिखट-मिठाच्या पाकिटांवरची तारीख वाचावी.

धान्य, पैसे, इंधन किंवा स्वयंपाकी नाही म्हणून एखाद्या दिवशी जेवण शिजलं नाही, तर त्या दिवसाचं धान्य आणि खर्चाचे पैसे भत्ता म्हणून मुलाला मिळाले पाहिजेत. सलग तीन दिवस किंवा महिन्यात पाच दिवस जेवण मिळालं नाही तर जबाबदारी कुणाची, हे सरकारनं ठरवायचं असतं.

तक्रार कुठं करायची?

आधी मुख्याध्यापक आणि समिती. तिथं झालं नाही तर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी, मग जिल्हा परिषदेत प्राथमिकचे शिक्षणाधिकारी. त्यापुढं राज्य अन्न आयोग आहे. तक्रार लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. 'खिचडी चांगली नसते' एवढं लिहून भागत नाही. कोणत्या तारखेला किती पोरं हजर होती, नियमानं डाळ किती लागायला हवी होती आणि नोंदवहीत किती लिहिली, हे आकडे मांडले की उत्तर द्यावंच लागतं.